बोटीवर चढण्याआधी

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या घरी एका कागदावरून चांगलंच महाभारत झालं. कागद म्हणजे काय, तर एक ए-फोर. वर चार प्रश्न, खाली डॉक्टरांच्या सहीची रेघ आणि शिक्क्यासाठी मोकळा चौकोन. पण त्या चौकोनापायी बाबा तीन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

झालं असं, की बाबांना सत्तर पूर्ण झाली म्हणून मी आणि ताईने मिळून आई-बाबांसाठी क्रूझ बुक केली. मुंबईहून निघायचं, गोवा, लक्षद्वीप आणि परत. बाबांनी नोकरीची पस्तीस वर्षं लोकलमध्ये उभं राहून काढली. कोपरला तर धड बसायलाही मिळत नाही, कारण गाडी येते तीच डोंबिवलीने भरून. तेव्हा म्हटलं, आता एकदा तरी ह्या माणसाला असं वाहन मिळू दे ज्यात चौथी सीट नाही.

बुकिंगनंतर आरोग्याचा फॉर्म आला. हृदयविकार आहे का? बाबांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट आहे. 'हो' वर टिक केली आणि लगेच दुसरा फॉर्म उघडला: प्रवासाला हरकत नाही, असा डॉक्टरांचा दाखला जोडा.

बाबा भडकले. "मी काय बोट चालवायला चाललोय? नुसतं बसायचं तर आहे! लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गला जायचो आम्ही. डेकवर पथारी टाकायची, लिंबू चोखत पडायचं. तिकीट सोडून कोणी काही विचारलं नाही. आता पैसे जास्त देतोय तर दाखला पायजे!"

मी सवयीप्रमाणे "बाबा, ती प्रोसेस असते" असं काहीतरी बोललो. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही: "प्रोसेस कोणासाठी? माझ्यासाठी, का त्यांच्यासाठी?"

आता आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. रिलीजच्या आधी साइन-ऑफ घेतात तो कशासाठी? युजरला त्रास होऊ नये म्हणून, की उद्या सिस्टिम पडली तर कोणाचं नाव घ्यायचं ते आधीच ठरलेलं असावं म्हणून? ज्याने ऑफिसात चार वर्षं काढली आहेत त्याला उत्तर माहीत आहे. पण बोटीच्या बाबतीत हे कधीपासून सुरू झालं, ते बघावंसं वाटलं. त्यात दोन वीकेंड गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

बोट आणि आजार हे नातं जुनं आहे. आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोवनिक शहराने १३७७ साली नियम केला, की साथीच्या गावाहून आलेल्यांनी आधी तीस दिवस बाहेर थांबायचं. पुढे इटलीत त्या तिसाचे चाळीस झाले आणि चाळिसाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' आला. जहाजाला निघतानाच्या बंदराचा एक कागदही बरोबर न्यावा लागे: आमच्या बंदरात साथ नाही, किंवा आहे. 'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हा वाक्प्रचार आपण मीटिंगमध्ये सर्रास वापरतो, तो तिथला.

ह्यातली गंमत लक्षात आली का? हा दाखला माणसाचा नाही, बंदराचा आहे. तुमची तब्येत ठणठणीत असेना का, तुमचं बंदर वाईट असेल तर तुम्ही वाईट. आणि तो वाचणार कोण, तर पलीकडचं बंदर. प्रवाशाचा त्यात कुठे संबंधच नाही.

मग एकेका माणसाला तपासून बोटीवर चढवणं कधी सुरू झालं? त्याचं एक उत्तर मॉरिशसच्या वाटेवर सापडतं.

१८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर मॉरिशसला जायला लागले. सुरुवातीला इतका अंदाधुंद कारभार होता की १८३९ मध्ये सरकारला ते बंदच करावं लागलं. १८४२ च्या कायद्याने पुन्हा परवानगी मिळाली, पण ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तीन बंदरांपुरती आणि देखरेखीखाली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. त्यांच्या वंशजांमुळे मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकवलं जातं आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

ह्या मजुरांना निघण्याआधी डॉक्टरसमोर उभं राहावं लागे. तपासणीत दोन गोष्टी बघायच्या: प्रवास झेपेल का, आणि उतरल्यावर काम झेपेल का. कागदावर पहिली गोष्ट मजुराच्या भल्याची. पण प्रवासाचा खर्च मळेवाल्यांच्या बाजूने झालेला, तेव्हा दुसरी गोष्ट जास्त जड होती हे सांगायला नको. आपण सर्व्हर विकत घेताना बेंचमार्क चालवून बघतो तसंच हे. सर्व्हरची काळजी वाटते म्हणून कोणी बेंचमार्क चालवत नाही.

आणि तपासूनही काय झालं ते बघा. १८५६ च्या सुरुवातीला कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा निघाला. मॉरिशसच्या सरकारने त्यांतल्या प्रवाशांना गॅब्रिएल नावाच्या छोट्याशा बेटावर उतरवलं. ना धड निवारा, ना पुरेसं पाणी. अडीचशेहून जास्त माणसं तिथे मेली. हिंदुस्थान सरकारने त्यानंतर काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणं थांबवलं. निघताना सगळे 'फिट' होते आणि उतरणाऱ्या बंदराने स्वतःला व्यवस्थित वाचवलं. दोन्ही टोकांना प्रोसेस पाळली गेली, मधल्या मध्ये माणसं गेली.

दुसरी मोठी वाट हजची. मुंबई हे हजयात्रेचं मोठं बंदर होतं. १८६५ साली मक्केत कॉलऱ्याची साथ आली, त्यात सुमारे १५,००० यात्रेकरू दगावल्याचा अंदाज आहे. परतणाऱ्यांबरोबर साथ सुएझमार्गे युरोपात पोचली आणि युरोप खडबडून जागा झाला. १८६६ ची कॉन्स्टँटिनोपलची आंतरराष्ट्रीय परिषद त्यातूनच झाली. पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर यात्रेकरूंसाठी क्वारंटाइन स्टेशन आलं. १८९४ च्या पॅरिस परिषदेने तर खास यात्रेकरूंच्या जहाजांवर नियम केले, त्यात निघण्याआधीची वैद्यकीय तपासणी आली.

ह्यात एक नाव वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालो. १८८६ ते १८९३ ह्या काळात मुंबईहून हजयात्रेची व्यवस्था बघण्याचं काम हिंदुस्थान सरकारने कोणाला दिलं असेल? थॉमस कुक! म्हणजे टूर कंपनी, बोट आणि डॉक्टर हे त्रिकूट मुंबईच्या धक्क्यावर सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं जुनं आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, तेव्हापासून छळतायत."

पण मुंबईच्या धक्क्यावर प्रत्येक प्रवाशाची नाडी बघायची वेळ आली ती प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिला रुग्ण ओळखला. काही महिन्यांत शहर रिकामं व्हायला लागलं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं गावाकडे पळाली असा अंदाज आहे. २०२० च्या मे महिन्यात नाशिक हायवेवरून चालत निघालेली माणसं आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडू नयेत.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. एवढासा कायदा, चार कलमांचा. त्यातला एक अधिकार मी दोनदा वाचला: बंदरातून निघणाऱ्या किंवा बंदरात येणाऱ्या कुठल्याही जहाजाची तपासणी करायचा, ते अडकवून ठेवायचा, आणि त्यातून जाऊ इच्छिणाऱ्या माणसालाही अडकवून ठेवायचा. म्हणजे अजून बोटीत पायही ठेवला नाही, नुसता जायचा विचार आहे, तरी पुरे. हाच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोविडसाठी महाराष्ट्रात लागू झाला होता, हे तुम्हाला आठवत असेलच.

तिकडे युरोपला वेगळीच धास्ती होती. प्लेग मुंबईहून सुएझमार्गे आपल्या दारात येणार! फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरली. तिथे ठरलं ते जवळजवळ आजच्या फॉर्मसारखं आहे. साथीच्या बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची तपासणी करायची. एकेकाची स्वतंत्र. दिवसाउजेडी. जमिनीवर, बोटीत चढायच्या वेळी. आणि डॉक्टर कंपनीचा नव्हे, सरकारने नेमलेला. ही स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याला मी मानलं. प्रत्येक शब्द आधी झालेल्या कुठल्यातरी लबाडीवर उतारा म्हणून आलेला दिसतो. 'दिवसा' का? कारण रात्री कंदिलाच्या उजेडात कोण काय बघणार. 'जमिनीवर' का? कारण एकदा बोटीत चढलेल्याला कोण उतरवणार. त्याच वर्षी हिंदुस्थानातून हजला जाण्यावरही बंदी आली.

तपासणी म्हणजे काय करायचे? ताप बघायचा आणि काखेत, जांघेत, मानेवर गाठ लागते का ते चाचपायचं. आता विचार करा, १८९७ साल, घरातली सोवळ्यातली बाई, आणि परका पुरुष डॉक्टर सगळ्यांसमोर काखेत हात घालणार. ह्यावरून केवढा संताप झाला असेल! पुण्यात तर घराघरात घुसून तपासण्या झाल्या आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ ला रँडवरच्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

शाळेत शिकवत नाहीत ती गोष्ट आमच्या अंगणातली. बंदरावर बोट अडवता येते, पण रेल्वेचं काय? मुंबईहून निघालेली गाडी कल्याणला पोचली की पुढे एक फाटा पुण्याला, एक नाशिकला. देशावर जाणारं प्रत्येक माणूस कल्याणमधून जाणार. तेव्हा प्रवाशांना उतरवून तपासायचं ठिकाण म्हणून कल्याण निवडलं गेलं. नेटवर्कवाल्यांना पटकन कळेल, फायरवॉल नेहमी गेटवेवर बसवतात. कोपर स्टेशन तेव्हा नव्हतंच. खाडी, मिठागरं, शेतं आणि मधून जाणारा रूळ. रोज सकाळी मी ज्या रुळावर गाडीची वाट बघत उभा असतो, त्यावरून ती माणसं पोटात गोळा घेऊन पुढच्या तपासणीकडे गेली. पोराला कणकण आहे, ती कल्याणपर्यंत उतरेल ना, असा विचार करत किती आया ह्या रुळावरून गेल्या असतील.

आणि हा सगळा तपासणीचा कागद पलीकडच्या बंदराने कसा वापरला, त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर १८९६ च्या शेवटी मुंबई बंदरातून 'कूरलँड' आणि 'नादेरी' ही दोन जहाजं दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. दोन्ही मिळून सुमारे आठशे प्रवासी. त्यात एक सत्तावीस वर्षांचा वकील, बायको, दोन मुलगे आणि भाच्याला घेऊन निघालेला. नाव मोहनदास गांधी. १८ डिसेंबरला जहाजं डर्बनला पोचली. डॉक्टर आले, तपासून गेले. मुंबईत प्लेग, म्हणून जहाजावर पिवळं निशाण. सांगितलं काय, तर मुंबई सोडून तेवीस दिवस होईपर्यंत थांबा, प्लेगचे जंतू तेवढे दिवस टिकतात. प्रवासात अठरा दिवस गेलेले, म्हणजे पाच दिवसांचा प्रश्न.

पाच दिवस झाले. उतरू दिलं नाही. अजून वाढवले. खरं कारण आजार नव्हतंच. डर्बनच्या गोऱ्यांना हिंदी माणसं तिथे उतरायला नको होती, त्यांच्या सभा चालल्या होत्या, जहाजं परत पाठवा म्हणून दबाव होता. शेवटी १३ जानेवारी १८९७ ला प्रवासी उतरले आणि गांधींना रस्त्यात जमावाने मारहाण केली, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. नाताळमध्ये तेवीस दिवस धरले गेले, आणि दोन महिन्यांनी व्हेनिसच्या परिषदेत डॉक्टर मंडळींनी प्लेगसाठी दहा दिवसांची मुदत धरली. एकाच आजाराचे दोन आकडे. ज्याला दार बंद ठेवायचं असतं त्याचा आकडा मोठा असतो.

(त्या पिवळ्या निशाणाची पुढची गंमत. आज जहाजावरच्या पिवळ्या निशाणाचा अर्थ बरोबर उलटा आहे: माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, मला बंदरात येऊ द्या. असा बूलियन कोणी आमच्या कोडमध्ये उलटा केला असता तर त्याची काही धडगत नव्हती. असो.)

एवढं वाचून मी बाबांच्या बाजूचा झालो होतो. मळेवाल्यासाठी कागद, युरोपसाठी कागद, नाताळच्या गोऱ्यांसाठी कागद. आणि आता क्रूझ कंपनीसाठी. प्रवाशासाठी कधीच नाही. कोविडमध्ये काय वेगळं झालं? फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकवून ठेवली. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. किनाऱ्याचं रक्षण होत होतं तेव्हा आतली पोरं डेकवर जेवण वाटत होती. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे दोन हजार जणांत ६६ पॉझिटिव्ह निघाले. चढताना कागद सगळ्यांनी दाखवले होते. कागद कालच्या तब्येतीचा असतो, आजार उद्याचा.

हे सगळं मी शनिवारी रात्री जेवताना बाबांना ऐकवलं. ते खूश. आई मात्र गप्प होती. मग भाजी वाढता वाढता म्हणाली, "आणि आनंदीबाई?"

आईचं माहेर कल्याणचं. आनंदीबाई जोशी हे तिच्यासाठी पुस्तकातलं नाव नाही, गावातलं नाव आहे. आणि तिने जे सांगितलं ते माझ्या दोन वीकेंडच्या वाचनात कुठेच बसत नव्हतं.

आनंदीबाई कल्याणच्या जोश्यांची मुलगी. ७ एप्रिल १८८३ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीत चढली. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. निघण्याआधीच तिची तब्येत चांगली नव्हती. अशक्तपणा, सारखी डोकेदुखी, मधूनच ताप, कधी कधी धाप. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधं पाठवली होती, त्यांचा गुण आला नव्हता. अशा अवस्थेत तिने दोन महिने समुद्र काढला. फिलाडेल्फियाच्या थंडीत तब्येत आणखी ढासळली. ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक झालेली. क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन वर्षअखेरीला परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

"कोणी एकाने तरी तिला बोटीवर चढण्याआधी बसवून नीट तपासायला हवं होतं," आई म्हणाली.

"आणि मग?" बाबा म्हणाले. "डॉक्टरने सांगितलं असतं, बाई तू जाऊ नकोस. मग झाली असती का ती डॉक्टर?"

आई काही बोलली नाही. मलाही सुचलं नाही. दोघांचंही बरोबर होतं. आज एखादी फॉर्म भरून निघाली असती तर आनंदीबाई पहिल्या प्रश्नालाच अडकली असती. आणि तिने काय केलं असतं ह्याबद्दल मला शंका नाही, तिने खोटी टिक केली असती. धाप लागत नाही, असं लिहिलं असतं. ज्याला जायचंच आहे तो डॉक्टरशी खरं बोलत नाही. कल्याण स्टेशनावर पोराचा ताप पदराखाली लपवणारी आईसुद्धा नाही.

आणि इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, जरा उशिराच.

सोमवारी अर्धी सुट्टी टाकून बाबांना घेऊन डोंबिवलीला डॉक्टरांकडे गेलो. हे आमचे जुने डॉक्टर, बाबांना 'काका' म्हणतात. बाबांनी खुर्चीत बसायच्या आधी फॉर्म टेबलावर ठेवला. "फक्त सही पाहिजे. बाकी एकदम ओक्के."

डॉक्टरांनी फॉर्म बाजूला सारला. प्रेशर घेतलं, पाय दाबून सूज बघितली, गोळ्यांची चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "काका, जिने चढता? न थांबता किती?"

"चढतो की. रोज."

"धाप?"

"छे."

आई मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, कोपरला खालून वरच्या प्लॅटफॉर्मवर जाताना दोनदा थांबता. मागच्या महिन्यापासून. ते सांगा की."

ज्यांना कोपर माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं स्टेशन दुमजली आहे. खाली मेन लाइन, वरून दिवा-वसई लाइन जाते. ताई वसईला असते, त्यामुळे आई-बाबा महिन्यातून दोनदा तो जिना चढतात. मीही कितीदा त्यांच्याबरोबर चढलोय. माझ्या कानात हेडफोन असतो आणि मी पुढे असतो.

बाबांनी आईकडे असं पाहिलं, की पन्नास वर्षांत तिने पहिल्यांदाच फितुरी केली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "काका, बोटीवर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, ईसीजी असतो. पण अँजिओप्लास्टी करायची सोय नसते. इथे तुम्हाला काही झालं तर रिक्षाने वीस मिनिटांत हॉस्पिटल. तिकडे काही झालं तर आधी किनारा शोधायचा. म्हणून विचारतोय. कंपनी विचारते म्हणून नाही."

सही झाली नाही. ईसीजी झाला, त्या आठवड्यात स्ट्रेस टेस्ट झाली, ती नीट आली नाही. मग अँजिओग्राफी. जुना स्टेंट छान होता, पण दुसऱ्या एका नळीत चांगलाच अडथळा निघाला. दिवाळीच्या आधी दुसरा स्टेंट पडला. क्रूझचे पैसे अर्धेच परत मिळाले. ताईने हिशोब केला आणि गप्प बसली.

तर मग बाबांच्या प्रश्नाचं उत्तर काय? कागद कोणासाठी?

मला वाटतं कागद त्यांच्यासाठीच आहे. १८४२ मध्ये होता, १८९७ मध्ये होता, आजही आहे. बाबांचं म्हणणं खोटं नाही. कंपनीने तो प्रश्न बाबांच्या काळजीने विचारला नाही, भर समुद्रात हेलिकॉप्टर बोलवायची वेळ येऊ नये म्हणून विचारला. पण त्या कागदामुळे बाबा एका खोलीत जाऊन बसले, आणि त्या खोलीत दोन माणसं अशी होती ज्यांना क्रूझशी काही देणंघेणं नव्हतं. एकाने जिन्याबद्दल विचारलं आणि दुसरीने खरं सांगितलं. मॉरिशसच्या मजुराच्या मागे ही दुसरी खुर्ची नव्हती. कल्याणला रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या मागे होती, पण तिथे खरं सांगितलं की माणूस कॅम्पात जाणार, म्हणून घरच्यांनी खोटं बोलणंच शहाणपणाचं होतं. ज्या तपासणीत खरं बोलल्यावर शिक्षाच होते, तिथे कितीही चांगला डॉक्टर बसवा, त्याला खरं कळणार नाही. आईने खरं सांगितलं, कारण तिला खात्री होती की हा डॉक्टर फार तर सही करणार नाही.

आणि आनंदीबाईचं काय, ते मला अजूनही सुटलेलं नाही. ती खोटी टिक करून गेली असती, आणि मी तिला चूक म्हणू शकत नाही. बाबांना फक्त लक्षद्वीप बघायचं होतं.

बाबा आता बरे आहेत. रोज सकाळी खाडीच्या दिशेने चालून येतात, घड्याळ लावून. मागच्या रविवारी ताईकडे जाताना मी हेडफोन घातला नव्हता. बाबा वरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत एका दमात चढले, वर पोचल्यावर मुद्दाम आईची वाट बघत उभे राहिले. ती आल्यावर म्हणाले, "लिहून ठेव. एकदाही थांबलो नाही."

तो फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलाय. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी परत बोलावलंय. सही होईल का माहीत नाही, पण बाबांनी भाऊच्या धक्क्याच्या दिवसांसारखी लिंबं आत्ताच आणून ठेवली आहेत.